थकव्याचा रकाना रिकामा का असतो? : शेतीफवारणीच्या विमानांवरचा एक अहवाल वाचताना



पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: “सर-मॅडम सारखं सांगतात, टीकात्मक वाचा, टीकात्मक वाचा. म्हणजे नेमकं करायचं काय? चुका काढायच्या का?” आज मी या प्रश्नाचं उत्तर तत्त्वं सांगून देणार नाही. एकच अहवाल घेऊ आणि तो शेवटपर्यंत वाचू. त्याआधी त्याच विषयावर मी स्वतः केलेली एक चूक सांगते. या लेखाची सुरुवात खरं तर तिथूनच झाली.

माझा विषय कामाचे तास आणि अपघात यांचा संबंध. त्यातलं एक प्रकरण विमानांनी पिकांवर फवारणी करणाऱ्या वैमानिकांवर आहे, मुख्यतः अमेरिकेतल्या. पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘या क्षेत्रातील अपघातांच्या नोंदींमध्ये थकवा हे कारण क्वचितच आढळते, त्यामुळे ते दुय्यम कारण मानता येईल.’ वाक्य छान वाटत होतं. आधाराला आकडेवारी होती, भाषा शोधनिबंधाला शोभेल अशी होती. गाईडनी ते कापलं नाही. शेजारी पेन्सिलने फक्त चार शब्द लिहिले: ‘कोणी शोधला होता का?’

आठवडाभर मी त्या चार शब्दांवर चिडले होते. मग पुन्हा सगळं वाचायला बसले. त्या वाचनातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी हे काम काय असतं ते बघू

ज्यांना हा विषय अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विमानातून पिकांवर औषध टाकण्याचा पहिला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ झाला. जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने कर्टिस जेनी विमानातून कॅटाल्पाच्या झाडांवर शिसेयुक्त आर्सेनिकची भुकटी टाकली. झाडांवर अळी पडली होती. आज शंभर वर्षांनंतर भुकटीच्या जागी बहुतेक द्रव फवारा आहे, आणि जुन्या लष्करी विमानाच्या जागी खास याच कामासाठी बांधलेलं टर्बाइन इंजिनाचं विमान आहे. एअर ट्रॅक्टर ८०२ चं उदाहरण घ्या. त्याच्या टाकीत सुमारे ३,००० लिटर औषध मावतं.

काम बदललं नाही ते त्याच्या स्वरूपात. वैमानिक पिकाच्या शेंड्यांपासून जेमतेम दहा-बारा फुटांवरून ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो. शेताच्या टोकाला विमान वर खेचतो, वळवतो, पुन्हा खाली येतो, पुढचा पट्टा धरतो. टाकी संपली की धावपट्टीवर उतरायचं, इंजिन चालू ठेवूनच टाकी भरून घ्यायची आणि पुन्हा उडायचं. हे दिवसभर. वाटेत विजेच्या तारा, खांब, मनोरे, झाडं. आणि विमानात बसायला जागा एकच.

आता दिवस कसा आखला जातो ते पाहा, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर आहे. फवारणीला वारा शांत लागतो. जोराचा वारा असला की औषध शेजारच्या शेतात जातं. म्हणून काम पहाटे उजाडताच सुरू होतं. दुपारी वारा वाढला की थांबतं. संध्याकाळी वारा पडला की पुन्हा सुरू होतं. म्हणजे उड्डाणाचे तास कमी दिसले तरी माणूस जागा मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत. शिवाय हंगाम छोटा. बुरशी आणि कीड कोणाच्या रविवारची वाट बघत नाही. त्या काही आठवड्यांत वर्षाची बरीचशी कमाई करून घ्यायची असते.

अहवाल काय म्हणतो

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणारी स्वतंत्र यंत्रणा म्हणजे एनटीएसबी, म्हणजेच राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ. नियम करण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. तो एफएए या हवाई प्रशासनाकडे. एनटीएसबी चौकशी करते आणि शिफारस करते. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मे २०१४ मध्ये एनटीएसबीने शेती-विमानांच्या सुरक्षिततेवर एक विशेष अहवाल काढला. २०१३ या एका वर्षात शेतीच्या कामाशी संबंधित ७८ अपघातांची चौकशी झाली होती. त्यातले ९ जीवघेणे होते. या अपघातांवरून अहवालाने चार मुद्दे पुढे आणले: या व्यवसायाला लागू पडेल असं थकव्याविषयीचं मार्गदर्शन नाही, जोखीम कशी ओळखावी याचं मार्गदर्शन नाही, विमानांची देखभाल अपुरी आहे, आणि वैमानिकाच्या ज्ञानाची व कौशल्याची चाचणी कशी घ्यावी याबाबत स्पष्टता नाही.

अहवालाच्या बाजूने आधी बोलते. टीका म्हणजे आधी दाद, हे विसरू नका. एरवी असे अपघात एकेक सुटे हाताळले जातात. इकडे एक विमान तारेला लागलं, तिकडे एक वळताना खाली आलं. प्रत्येकाची स्वतंत्र फाईल, स्वतंत्र निष्कर्ष. हे सगळे एका टेबलावर मांडून ‘यात सारखं काय आहे?’ असं विचारणं हीच मोठी गोष्ट. दुसरं, अहवालाने थकव्याला पहिल्या रांगेत बसवलं. ज्या व्यवसायात ‘दमलोय’ म्हणणं हा कमकुवतपणा समजला जातो, तिथे हे सोपं नव्हतं.

आणि हे अगदी योग्य वेळी आलं. त्याच वर्षी, ४ जानेवारी २०१४ पासून, अमेरिकेत प्रवासी विमान कंपन्यांच्या वैमानिकांसाठी कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते. नियमावलीचा भाग ११७. ड्युटीआधी सलग १० तास विश्रांती, त्यात ८ तास झोपेची संधी, उड्डाणाच्या आणि ड्युटीच्या तासांवर मर्यादा. फवारणीची विमानं मात्र भाग १३७ खाली येतात. तिथे तासांची मर्यादाच नाही. म्हणजे एकाच देशात, एकाच आकाशात, एका वैमानिकाची झोप कायद्याने मोजली जाते आणि दुसऱ्याची त्याच्या मर्जीवर सोडली जाते.

इथपर्यंत मी अहवालाच्या सोबत आहे. पुढे तीन ठिकाणी अडखळते.

पहिली अडचण: कारणाचा रकाना

अपघाताच्या चौकशीचा शेवट एका वाक्यात होतो, ‘संभाव्य कारण’. फवारणीच्या अपघातांत हे वाक्य बहुधा असं असतं: वैमानिकाने तारेपासून पुरेसं अंतर राखलं नाही. किंवा वळण घेताना वेग राखला नाही आणि विमान कोसळलं.

हे खोटं नाही. पण हे कारण आहे की घटनेचं वर्णन? विमान तारेला लागलं याचा अर्थच अंतर राखलं गेलं नाही असा होतो. आपल्याला हवं असतं ते पुढचं ‘का’. तार दिसली नाही का? दिसली होती, पण विसरला का? त्याच शेतावर सकाळी दहा वेळा तारेवरून सुखरूप गेलेला माणूस अकराव्या वेळी का चुकला? जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये ‘ह्यूमन एरर’ या पुस्तकात याच कारणासाठी दोन थर वेगळे केले: प्रत्यक्ष जागेवर घडलेली चूक, आणि तिच्या मागे आधीपासून दबा धरून बसलेली परिस्थिती. रकान्यात पहिला थर येतो. दुसरा शोधावा लागतो.

शोधायचा कसा? चौकशीत थकवा सिद्ध करायला साधारण दोन पायऱ्या लागतात. एक, अपघाताआधीचे काही दिवस माणूस किती झोपला, किती वेळ जागा होता, आणि अपघात दिवसाच्या कोणत्या वेळी झाला. दोन, त्याच्या हातून झालेली चूक थकलेल्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांसारखी आहे का. दोन्ही पायऱ्या चढल्याशिवाय थकवा कारणांत येत नाही. पद्धत म्हणून हे योग्यच आहे. पण याचा एक परिणाम बघा: पहिल्या पायरीची माहितीच गोळा झाली नाही, तर थकवा आपोआप वगळला जातो. कोणी तो नाकारत नाही. फक्त त्याच्या नावाने काही लिहिलं जात नाही.

दोन उदाहरणं शेजारी ठेवते.

१८ ऑगस्ट १९९३ रोजी ग्वान्टानामोच्या तळावर एक मालवाहू डीसी-८ विमान उतरताना कोसळलं. एनटीएसबीने हवाई अपघातात थकवा हे संभाव्य कारण म्हणून नोंदवल्याची ही पहिली वेळ. हे शक्य का झालं? तिघंही वैमानिक-कर्मचारी वाचले होते. त्यांच्या झोपेचा हिशेब मांडता आला.

दुसरं, १२ फेब्रुवारी २००९. बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान पडलं, ५० माणसं गेली. भाग ११७ चे नियम ज्या अपघातानंतरच्या रेट्यामुळे आले, तो हाच. आता गंमत बघा, गंमत म्हणायचं म्हणून. या अपघाताच्या संभाव्य कारणात थकवा नाही. एनटीएसबीने म्हटलं की दोन्ही वैमानिकांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता मोठी आहे, पण तो किती आणि त्याने नेमकं काय बिघडवलं हे निश्चित सांगता येत नाही. कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद होती, दोघांच्या आधीच्या रात्रींची माहिती होती, मोठं पथक महिनोन्‌महिने राबलं. तरीही थकवा कारणांत बसवता आला नाही.

आता शेतातल्या एका विमानाचा विचार करा. एकटा वैमानिक. सोबत कोणी नाही. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र सहसा नाही, आणि असतं तरी बोलणार कोणाशी? चौकशीला मोठं पथक नाही, एखादा तपासनीस, आणि तोही दरवेळी जागेवर जाईलच असं नाही. माणूस गेला असेल तर झोपेचा हिशेब देणारं घरचं कोणी सापडलं तर सापडलं.

तुम्ही म्हणाल, ७८ पैकी ६९ अपघातांत तर कोणी दगावलं नव्हतं, मग वैमानिकाला विचारता येतं की! विचारता येतं. पण लायसन्स, विमा आणि पुढच्या हंगामाची गिऱ्हाइकं ज्याच्या डोळ्यांसमोर आहेत, तो ‘मी पाच तासच झोपलो होतो’ असं लिहून देईल का? आणि दिलं तरी त्याचा अंदाज बरोबर असेल का? या दुसऱ्या प्रश्नाकडे थोड्या वेळाने येते.

एनटीएसबीच्याच नोंदींवरचा एक आढावा इथे उपयोगी पडतो. २००१ ते २०१२ या काळातल्या सगळ्या वाहतूक प्रकारांमधल्या १८२ मोठ्या चौकशा तपासल्या, तर जवळपास २० टक्क्यांमध्ये थकवा कारण, पूरक कारण किंवा निष्कर्ष म्हणून आलेला आहे. लक्षात घ्या, या मोठ्या चौकशा आहेत, खोल खणलेल्या. खणलं तिथे पाचातल्या एकात सापडला. लहान विमानांच्या फायलींत तो क्वचित दिसतो, तेव्हा फरक थकव्यात आहे की खणण्यात, हे नुसत्या रकान्यावरून सांगता येत नाही. माझ्या खर्ड्यातलं वाक्य पडलं ते इथे.

अहवालाबद्दलची माझी तक्रारही हीच आहे. थकवा महत्त्वाचा, हा त्याचा निष्कर्ष मला पटतो. पण ज्या नोंदींवर तो उभा आहे त्या थकवा मोजण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. ही मर्यादा अहवालाच्या मध्यभागी हवी होती. नोंदी कशा घ्याव्यात, प्रत्येक शेती-विमान अपघातात आधीच्या तीन दिवसांच्या झोपेची माहिती सक्तीने घ्यावी का, हा प्रश्न मार्गदर्शनाच्या शिफारशीइतकाच मोठा होता.

दुसरी अडचण: छेद कुठे आहे?

७८ हा अंश आहे. छेद काय?

समजा कोणी सांगितलं, की शेती-विमानांचे बरेचसे अपघात सकाळी होतात, म्हणून सकाळ धोक्याची. पण काम मुळात सकाळीच जास्त होतं! शंभर उड्डाणांपैकी साठ सकाळची असतील तर शंभरातले साठ अपघात सकाळी होणं यात विशेष काही नाही. (हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत.) दर काढायला प्रत्येक वेळेची उड्डाणं किंवा तास हवेत. एफएए दरवर्षी नमुना सर्वेक्षणातून फवारणीच्या उड्डाणांचे एकूण तास अंदाजते. पण त्यातून सकाळ-संध्याकाळ कळत नाही, आणि हंगामाचा पहिला आठवडा की सहावा तेही कळत नाही.

थकव्यासाठी तर वेगळाच छेद लागतो. उड्डाणाचे तास पुरत नाहीत, जागं राहण्याचे तास हवेत. डॉसन आणि रीड यांचा १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला छोटासा अभ्यास तुम्ही वाचाच. त्यांनी ४० जणांना एकदा जागं ठेवलं आणि एकदा दारू दिली, आणि हात-डोळ्याच्या समन्वयाची तीच चाचणी दोन्ही वेळा घेतली. १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी जितकी घसरली, ती रक्तात ०.०५ टक्के मद्य असतानाच्या घसरणीइतकी होती. अमेरिकेत वैमानिकासाठी मद्याची मर्यादा ०.०४ टक्के आहे. पहाटे साडेतीनला उठलेला माणूस रात्री साडेआठला १७ तास जागा असतो. उत्तरेकडच्या राज्यांत जुलैमध्ये तेव्हा अजून उजेड असतो, आणि वारा पडलेला असतो. म्हणजे कामाची वेळ.

ही तुलना ताणू नका. प्रयोगशाळेतली चाचणी म्हणजे विमान चालवणं नव्हे, आणि दुपारच्या खंडात डुलकी काढलेला वैमानिक सलग जागा नसतो. पण एवढं नक्की, की त्याच्या लॉगबुकात त्या दिवशी सहा तासच दिसतील. तासांचा रकाना भरलेला आणि थकव्याचा रिकामा, हे दोन्ही एकाच पानावर शक्य आहे.

शिवाय गोंधळ घालणारी चलं आहेत. उन्हाने अंगातलं पाणी कमी होतं. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या संपर्काने डोकेदुखी, अशक्तपणा, धूसर दिसणं असे त्रास होऊ शकतात. थकव्याची लक्षणंही अशीच असतात. नेमका हंगामाच्या जोरात उकाडाही जास्त, औषधाचा संपर्कही जास्त, झोपही कमी. तिन्ही एकत्र वाढतात, तेव्हा ‘थकव्यामुळे’ असं लिहिताना आपण तिघांपैकी कोणाला पकडलंय? तुमच्या अभ्यासात अशी तीन चलं एकत्र चालत असतील तर व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येईल, हे धरून चाला.

तिसरी अडचण: औषध कोणाला दिलं?

ही अडचण मला सगळ्यात जास्त खटकते.

अहवालाने थकव्यावर उपाय म्हणून मार्गदर्शन मागितलं: एफएए आणि या व्यवसायातली संशोधन-प्रशिक्षण संस्था यांनी मिळून वैमानिकांसाठी माहिती तयार करावी, ती प्रशिक्षणातून पोचवावी. तासांची मर्यादा मागितली नाही. का ते समजून घ्या, कारण बाजू लंगडी नाही. वाऱ्यावर अवलंबून असलेल्या कामाला प्रवासी विमानाचं वेळापत्रक लावता येत नाही. अनेक ठिकाणी वैमानिक स्वतःच मालक, तर नियम पाळतोय का हे बघणार कोण? वाऱ्या-पावसाचे दिवस सक्तीची सुटी देतातच. आणि दिवसाला अमुकच तास म्हटलं तर त्या तासांत जास्त एकर उरकायची घाई होईल, हीही भीती खरी.

पण मार्गदर्शन म्हणजे काय? ‘स्वतःला ओळखा, थकलात तर थांबा.’ हे सांगण्यामागे एक गृहीतक लपलंय: थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळतं.

व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास या गृहीतकाला सरळ धक्का देतो. ४८ निरोगी प्रौढ. काहींना दोन आठवडे रोज ८ तास, काहींना ६, काहींना ४ तास झोपेची मुभा, तर काहींना तीन दिवस झोपच नाही. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली. शेवटी ही घसरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला पोचली. पण ‘तुम्हाला किती झोप येतेय?’ याचं उत्तर मात्र पहिले काही दिवस वाढलं आणि मग जवळपास तिथेच थांबलं. शरीर ढासळत होतं, आणि माणूस म्हणत होता, सवय झाली.

सहा तास झोप आणि दोन आठवडे. हंगामातल्या फवारणी वैमानिकाला हे वर्णन किती लागू पडतं ते तुम्हीच बघा. त्याला ‘स्वतःचा थकवा ओळखा’ असं सांगणं म्हणजे बिघडलेल्या काट्याने स्वतःचंच वजन तपासण्यासारखं आहे. सांगणारा प्रामाणिक आहे, ऐकणाराही प्रामाणिक आहे, आणि तरी उपाय चुकीच्या पत्त्यावर गेला.

मधला मार्ग नाही का? आहे. ऑस्ट्रेलियाने थकव्याच्या नियमांत कष्टाच्या हवाई कामांसाठी, म्हणजे ज्यात फवारणी येते त्यांच्यासाठी, वेगळे तपशील ठेवले आहेत. प्रवासी कंपनीचे नियम जसेच्या तसे नाहीत, आणि सगळं मर्जीवरही नाही. मला वाटतं, निर्णयाचा काही भाग वैमानिकाच्या डोक्याबाहेर काढला पाहिजे. किमान झोपेच्या खिडकीचा नियम असू शकतो. टाकी भरणाऱ्या साथीदाराला ‘आता बस’ म्हणण्याचा अधिकार असू शकतो. एकरामागे मोबदला असेल तर तो शेवटच्या दोन लोडना मोह घालतो का, हे तपासता येईल. यातलं काय चालेल हे मला माहीत नाही असं म्हणून मी सुटणार नाही, ते मोजायचं काम आपलंच आहे.

मग तुम्ही काय करू शकता?

इथे पुण्या-नागपुरात बसून अमेरिकेतल्या विमानांवर काय संशोधन करणार, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण एनटीएसबीच्या अपघातांच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, फुकट उतरवता येतात. एक छोटा, स्वच्छ प्रश्न घ्या: ‘थकवा कारण आहे का?’ हा नको. ‘किती फायलींत वैमानिकाच्या आधीच्या तीन दिवसांच्या झोपेची कोणतीही माहिती नोंदवलेली आहे?’ हा घ्या. आहे किंवा नाही, एवढंच कोडिंग. दोन जणांनी स्वतंत्रपणे करा आणि जुळतंय का ते बघा. मोजायचं साधनच मोजायचं, असा हा अभ्यास आहे. पहिला शोधनिबंध म्हणून उत्तम.

प्रत्यक्ष मैदानात जायची संधी मिळाली तर स्वतःचं मत विचारून थांबू नका. मनगटावरच्या यंत्राने झोप मोजता येते. दहा मिनिटांची सतर्कता-चाचणी, जिला पीव्हीटी म्हणतात, धावपट्टीच्या कडेला घेता येते. आणि या विमानांत फवारणीचे पट्टे आखणारी जीपीएस यंत्रणा असते. तिच्या नोंदींत प्रत्येक फेरीची वेळ आणि वाट राहते. पहिल्या लोडमधली वळणं आणि शेवटच्या लोडमधली वळणं ताडून बघितली तर? वैमानिक सांगणार नाही ते त्याचं विमान कदाचित सांगेल. ‘कदाचित’ हा शब्द मुद्दाम ठेवलाय, गृहीतक म्हणून.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपाने दाराशी आलाय. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याचं उद्दिष्ट आहे. ड्रोन चालवणारी ताई आकाशातून पडणार नाही, धोका वेगळा आहे. पण काम पहाटेचं, हंगाम छोटा, ऊन आणि औषध शेजारीच, आणि मोबदला एकरावर असेल तर घाईही तीच. कामाच्या नोंदींचे तक्ते अजून नवे आहेत, तोवरच त्यात ‘काल किती झोप झाली?’ एवढा एक रकाना घालता येईल का? नंतर घालणं फार जड जातं, हे अमेरिकेच्या फायली सांगतातच.

शेवटी, ते वाक्य

माझ्या खर्ड्यात आता असं लिहिलंय: ‘या क्षेत्रातील अपघातांच्या नोंदींमध्ये थकवा हे कारण क्वचितच आढळते. मात्र या नोंदींमध्ये वैमानिकांच्या झोपेची माहिती पद्धतशीरपणे घेतली जात असल्याचे दिसत नाही. त्यामुळे थकव्याच्या प्रमाणाबद्दल या नोंदींवरून निष्कर्ष काढता येत नाही.’

वाक्य लांबलं, आणि त्याचा ठाम आवाजही गेला. गाईडनी वाचलं, दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “दिसत नाही म्हणतेस, किती फायली पाहिल्यास?” तेव्हा मघाशी तुम्हाला सुचवलेला अभ्यास सध्या मीच करत बसलेय. सोबत कोडिंगला कोणी येणार असेल तर सांगा. दुसरी व्यक्ती लागतेच.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘आढळले नाही’ असं वाक्य असेल तर आज एकदा त्याच्याकडे जा. आणि समासात ते चार शब्द स्वतःच लिहून बघा.